वाचकांचे प्रश्न : गोठा, पंचनामा आणि वाघ

मागच्या अंकात चंद्रपूरच्या वाघांवर लेख आला, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न संपादकांनी माझ्याकडे पाठवले. मी वनखात्यातला नाही. पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी केली, तीही बहुतेक झाडीपट्टीत, नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात. वाघ-बिबट्यानं मारलेल्या ढोरांचं शवविच्छेदन करणं आणि त्यांची किंमत ठरवणं हे त्या नोकरीतलं नित्याचं काम. त्यामुळे माझं म्हणणं गोठ्याच्या बाजूनं येईल, आणि ते तसंच यावं असं मला वाटतं. या भागात वाघ राहील की नाही, याचा निकाल बराचसा गोठ्यात लागतो. पत्र लिहिणाऱ्यांची नावं देत नाही, तालुका पुरे.

माझी दुभती गाय जंगलाच्या कडेला वाघानं मारली. गावातले म्हणतात, खात्याच्या मागे लागून काही हाती येत नाही, नुसत्या चकरा. नियम काय आहे? वाघानंच मारली हे तुम्ही कसं ठरवता? एकानं तर सांगितलं, मेलेल्या गाईवर औषध टाक, पुन्हा वाघ येणारच नाही. (शेतकरी, नागभीड तालुका)

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. औषध टाकू नका, आणि ज्यानं सांगितलं त्यालाही टाकू देऊ नका. २०२१ साल उजाडताना उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. तिनं मारलेल्या जनावरावर विष टाकलेलं होतं. जून २०२५ मध्ये कर्नाटकात मलै महादेश्वरच्या डोंगरात तेच झालं, तिथं वाघीण आणि चार पिल्लं गेली. एका गाईच्या रागात पाच वाघ. त्या मढ्यावर गिधाड येतं, कोल्हा येतो, गावातली कुत्री येतात, तीही मरतात. टाकणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. गाय गेली ती गेलीच, वर घरातला कर्ता माणूस तुरुंगात.

पण राग खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. दुभती गाय म्हणजे घरातला महिन्याचा पगार. ज्या गावात पंचनामा त्याच दिवशी झाला आणि पैसे वेळेत खात्यावर पडले, तिथं विषाची भाषा मी ऐकली नाही. जिथं कागद टेबलावर पडून राहिला, तिथं ती चावडीवर उघड बोलली जायची. म्हणून मी वनरक्षकांना नेहमी सांगत आलो की वाघाचं संरक्षण तुमच्या काठीत जितकं आहे तितकंच तुमच्या पंचनाम्याच्या वहीत आहे.

आता नियम. घटना कळल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला किंवा आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयाला कळवायचं. फोन लागत नसेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. ४८ तास ही कागदावरची मुदत झाली, तुम्ही तासाभरात कळवा. मढं जागचं हलवू नका, कातडं काढू नका. मोबाइलवर फोटो काढा : एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा, एक गळ्याचा, आणि एक कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा. बिल्ला असेल तर गाय कुणाची, कोणत्या वयाची, कितव्या वेताची याचा वाद उरत नाही. ज्यांच्या जनावरांना अजून बिल्ला नाही त्यांनी दवाखान्यात जाऊन मारून घ्यावा, फुकट मिळतो. डेअरीत दूध घालत असाल तर त्या पावत्या जपून ठेवा. किंमत ठरवताना डॉक्टरला त्यांचा फार उपयोग होतो.

गाय, बैल, म्हैस मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी ती मिळते. साठ हजारांच्या गाईचे पंचेचाळीस हजार येतील. सव्वा लाखाची मुऱ्हा म्हैस गेली तरी सत्तरच. वरचा पाव हिस्सा, किंवा त्याहून जास्त, मालकाच्या अंगावर पडतो. हे मला पटत नाही. वाघ साऱ्या देशाचा आहे, तर पूर्ण किंमत देशानं द्यावी. हे मी नोकरीत असतानाही बैठकांमध्ये बोललो आहे, आता तर बोलणारच.

वाघानंच मारली हे कसं ठरवतो? आधी गळा बघतो. मोठं जनावर वाघ गळ्याला धरतो, लहान वासराला मानेच्या मागून. सुळ्यांची भोकं दिसतात. वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर पाच-सहा सेंटिमीटर भरलं तर वाघ, चारच्या आसपास असेल तर बिबट्या. मग त्या जागेवरचं कातडं सोलून बघतो. आत काळंनिळं रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसला. आतलं मांस फिकट असेल, रक्ताचा डाग नसेल, तर गाय आधीच मेली होती, साप चावून म्हणा की आजारानं, आणि नंतर कुणीतरी ती खाल्ली. एवढी एक गोष्ट कागदावर नीट उतरली की दावा पक्का होतो.

वाघ बहुतेक वेळा पुठ्ठ्याकडून खायला लागतो, कोठा, म्हणजे चाऱ्यानं भरलेलं पोट, ओढून बाजूला टाकतो. बिबट्या पोट-छातीकडून. रानकुत्री टोळीनं येतात आणि ढोर उभं असतानाच मागून लचके तोडतात, त्यामुळे अंगभर फाटलेलं असतं आणि गळा पुष्कळदा शाबूत. शिवाय वाघ शिकार झुडपाच्या आडोशाला ओढून नेतो. तीनशे किलोची गाय नाल्यापलीकडे नेल्याची फरफट एकदा पाहिली की पुन्हा विचारावं लागत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच किडे पडतात, खुणा मिटतात, डॉक्टरही मग ठामपणे लिहू शकत नाही. म्हणून लवकर कळवा म्हणतो.

पंचनामा झाल्यावर, जागा वस्तीपासून लांब असेल, तर मढं तिथंच राहू द्या. वाघ दोन-तीन रात्री त्यावर येईल. तोंडचा घास काढून घेतला तर तो दुसऱ्या दिवशी दुसरं ढोर पाडेल, कदाचित तुमच्याच शेजाऱ्याचं. वनखात्यानं तिथं कॅमेरा लावावा आणि एक माणूस ठेवावा, म्हणजे विष टाकायला कुणी फिरकत नाही.

मोहफुलाच्या दिवसांत अंधारातच निघावं लागतं, नाही तर दुसरे वेचून नेतात. मग लगेच तेंदूपत्ता. खातं म्हणतं, जंगलात जाऊ नका. पोटाचं काय? डोक्यामागं मुखवटा बांधला तर वाघ येत नाही म्हणतात, खरं का? (एक ताई, सिंदेवाही तालुका)

ताई, 'जाऊ नका' हे काही उत्तर झालं नाही, हे मला कळतं. मे २०२५ मध्ये तुमच्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एका दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, पानं पोचलीच असतील, कारण तेंदूचे दिवस दोन-तीन आठवड्यांचे आणि त्यावर पावसाळ्याचा सगळा खर्च असतो.

हल्ला का होतो ते आधी सांगतो. उभा माणूस वाघाला ओळखू येतो आणि तो बहुधा टाळून जातो. मोह वेचणारी बाई उकिडवी बसलेली असते, तेंदू तोडणारी वाकलेली. त्या उंचीला ती जंगलातल्या एखाद्या जनावरासारखी दिसते, आणि तिचं लक्ष खाली असतं. त्यात उन्हाळा. जंगल उघडं पडलेलं, गारवा उरतो तो नाल्याच्या काठी, जांभूळ-करंजाच्या सावलीत. वाघ तिथंच पडून असतो, आणि तेंदूची चांगली पानंही बऱ्याचदा तिकडेच. पिल्लंवाली वाघीण असेल तर ती आधी आवाज करून बजावते. तो आवाज आला की पानं तिथंच टाकून सगळ्यांनी मिळून मागं फिरायचं, तोंड तिच्याकडे ठेवून. पळायचं नाही.

अंधाराचा प्रश्न एकट्या बाईनं सुटणारा नाही. तुम्ही थांबलात तर दुसरी वेचून नेईल, हे खरंच आहे. म्हणून तो ग्रामसभेत सोडवा. 'सूर्य उगवेपर्यंत कुणीच मोहाखाली जायचं नाही' असा ठराव सगळ्या गावानं एकदम केला तर कुणाचं नुकसान होत नाही. मोह कुठं पळून जात नाही, नऊपर्यंत टपटपत असतो. दुसरं, झाडाखाली जाळी बांधा. फुलं जाळीवर पडतात, माती लागत नाही, व्यापारी भाव बरा देतो, आणि तासभर उकिडवं बसावं लागत नाही. पालापाचोळा जाळून जमीन साफ करायची जी सवय आहे तीही त्यानं सुटते. मार्च-एप्रिलमधले कितीतरी वणवे मोहाखालच्या या जाळापासून सुरू होतात. त्यात कोवळं गवत आणि रोपटी जातात, म्हणजे चितळाचा चारा जातो, आणि चितळ गेलं की वाघ तुमच्या गोठ्याकडे बघतो.

तेंदूला जाताना पीआरटीची, म्हणजे गावातल्याच पोरांच्या प्राथमिक प्रतिसाद दलाची, पोरं आदल्या दिवशी जंगलाच्या त्या कंपार्टमेंटमध्ये (वनखात्यानं आखलेल्या तुकड्यात) फिरून ताजे पगमार्क, ओढून नेलेलं जनावर असं काही आहे का ते बघतात. तुमच्या गावात अशी टोळी नसेल तर आरएफओकडे मागा, ताडोब्याच्या आसपासच्या गावांत आहे. तोडताना पांगू नका. चौघींनी तोडायचं आणि एकीनं उभं राहून बघायचं, पाळीपाळीनं. उभी राहणारीचे पुडे इतर चौघींनी वाटून द्यायचे, नाही तर तिला कुणी उभं राहूच देणार नाही.

मुखवट्याचं असं आहे : सुंदरबनात ऐंशीच्या दशकात तो प्रयोग झाला. वाघ मागून झडप घालतो, म्हणून मागच्या बाजूला माणसाचा चेहरा. सुरुवातीला उपयोग झाला, पुढं वाघ त्याला सरावले. बांधलात तर हरकत नाही, पण मुखवटा आहे म्हणून एकटीनं आत शिरायचं नाही. सोबतीनं जाण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख देतं, काही रक्कम लगेच आणि बाकीची ठेव म्हणून. हे गावात सगळ्यांना माहीत असतं. जखमी झालेल्यालाही मदत मिळते, हे पुष्कळांना माहीत नसतं. बाई जिवंत राहिली, हात कामातून गेला, आणि घरानं स्वतःच्या पैशानं दवाखाना केला, अशी घरं मला माहीत आहेत. दवाखान्याचे सगळे कागद ठेवा आणि अर्ज कराच.

रानडुकरं धानाची बांधी रात्रीत उलथून टाकतात. तारेत लाइन सोडल्याशिवाय इलाज नाही. सगळेच सोडतात. (तरुण शेतकरी, मूल तालुका)

सगळेच सोडत नाहीत, आणि तुम्हीही सोडू नका. आकड्याची लाइन ज्याला लागते त्याला सोडत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ मेलेत, बिबटे मेलेत, आणि पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारीही मेलाय. सौर झटका मशीन वेगळं असतं. त्यात वीज क्षणभरच येते आणि जाते, जनावर झटका खाऊन मागं फिरतं, मरत नाही. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून त्याला ७५ टक्के अनुदान आहे. एकट्याच्या दोन एकराला कुंपण केलं तर डुक्कर बाजूच्या बांधीत शिरतं, त्यामुळे पाच-सहा जणांनी मिळून सलग घ्या. तारेखालचं गवत कापत राहा, ओलं गवत टेकलं की झटका उतरतो.

रात्रीच्या जागलीचं मूळ बरंचसं विजेच्या वेळापत्रकात आहे. शेतीपंपाला थ्री फेज रात्री दिली की माणूस रात्री बांधावर जातोच. दिवसा वीज हा वाघाच्या भागात जिवाचा प्रश्न आहे, आणि तो वनखात्याच्या हातात नाही. या मागणीसाठी कुणी मोर्चा काढला तर त्यात मी चालेन.

चंद्रपुरात वाघ जास्त झालेत, मग उरलेले दुसऱ्या जंगलात का नेत नाहीत? आणि जो माणसं मारतो त्याला गोळी का घालत नाहीत? (वाचक, पुणे)

राज्यातल्या वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३ होता, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. यातले निम्म्याच्या आसपास एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात. ताडोबा-अंधारीचं गाभा क्षेत्र ६२५ चौरस किलोमीटरचं, ते भरलेलं आहे. पिल्लू दोन वर्षांचं झालं की आई त्याला दूर करते, मग ते जागा शोधत बाहेर पडतं. बाहेर ब्रह्मपुरी वनविभाग आहे : जंगलाचा तुकडा, मग धानाच्या बांध्या, मग गाव, मग पुन्हा तुकडा. तिथं वाघ राहतात, वितात आणि पिल्लं वाढवतात, अभयारण्याच्या पाटीशिवाय.

नेऊन सोडणं चालू आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिसरी सोडली, ती जूनमध्ये मेली, दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण सह्याद्रीत चांदोलीला नेली. मला हे प्रयत्न महत्त्वाचे वाटतात, पण ते ज्या जंगलात वाघ कमी आहेत त्या जंगलासाठी. चंद्रपूरचा भार त्यानं हलका होईल असं समजू नका. रिकाम्या झालेल्या जागेत पुढच्या हंगामात नवा तरुण वाघ येऊन बसतो. आणि नव्या जागी आधी चितळ-सांबर हवं. वाघाला आठवड्याला एक मोठं जनावर लागतं. जंगलात ते नसेल तर तो तिथल्या गोठ्यांत जाईल आणि तुमचं पत्र मला कोयनेकडून येईल.

त्यापेक्षा वाघाला स्वतःच्या पायांनी जाता येईल अशी वाट राखणं मोलाचं. यवतमाळच्या टिपेश्वरचा एक नर, त्याच्या गळ्यात कॉलर होती, २०१९ मध्ये निघाला आणि तेलंगणातून फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरांच्या आसपास चालला. शेतांमधून, नाल्यांमधून, रात्री. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली जनावरांसाठी नऊ ठिकाणी मोकळी जागा ठेवली आहे, सगळ्यात लांब साडेसातशे मीटरची, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ जाताना टिपलेत. हे आपल्याच राज्यात झालं आहे, म्हणजे करता येतं. मग गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांवर पुरेशा रुंदीचे आणि माती-झुडपं असलेले पूल का नाहीत? सिमेंटच्या उभ्या भिंतींचा कालवा रानडुकरालाही ओलांडता येत नाही. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चिचपल्लीजवळ तीन बछडे एकाच गाडीखाली गेले. पत्र लिहायचं तर याबद्दल लिहा, पुण्यातून लिहिलेलं पत्र मुंबईत लवकर वाचलं जातं.

गोळीचं म्हणाल तर कायद्यात तरतूद आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात, आधी पकडण्याचा प्रयत्न करून. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपुरात तेरा माणसं मारणारा सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये बेशुद्ध करून पकडला. असा वाघ जंगलात ठेवू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका वाघाला वाचवायला तीन तालुके वाघांच्या विरोधात जाऊ देणं हे वाघांवर प्रेम नव्हे. मात्र अचानक समोरासमोर आल्यानं एकदा झालेला हल्ला आणि माणसांच्या मागावर राहणारा वाघ यांत फरक करावा लागतो. तो ठसे, लाळेचे नमुने आणि कॅमेऱ्यातले पट्टे जुळवून करायचा असतो. जमाव जमला की चुकीचा वाघ पकडला जातो, आणि खरा तिथंच राहतो.

वाघांसाठी गावं उठवणं योग्य आहे का? आमच्या वर्गात यावर वाद झाला. (अकरावीतली विद्यार्थिनी, सांगली)

बाळ, तुमच्या वर्गातल्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं दिसलं असणार. ताडोब्याच्या गाभ्यातून नवेगाव-रामदेगी, जामणी अशी गावं बाहेर आली. रामदेगीच्या जुन्या शेतांवर आज उंच गवताचं कुरण आहे, तिथं चितळांचे कळप आणि गवे येतात, त्यांच्यामागून वाघ. शेतजमिनीचं कुरण व्हायला काम करावं लागतं, नुसतं सोडून दिलं तर घाणेरी आणि तरोटा माजतो. ते उपटून गोड गवताचं बी टाकावं लागतं, वर्षानुवर्षं.

पण गाव म्हणजे घरं आणि सात-बारा एवढंच नसतं. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून आलं, तो वाघाशी झुंजताना मेलेला गोंड गावप्रमुख अशी कथा आहे. तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं लोक दर्शनाला येतात. स्थलांतरासाठी कुटुंबामागं पूर्वी १० लाख मिळत, २०२१ पासून १५ लाख झाले. ग्रामसभेची संमती आणि आधी वनहक्कांचा निपटारा, या दोन अटी कायद्यात आहेत. माझं मत असं : गाभ्यातलं गाव स्वतःहून निघायला तयार असेल, चांगली जमीन, शाळा, पाणी आधी मिळत असेल, तर जावं. लोकांना कंटाळून निघायला लावणं, रस्ता अडवून, वीज न देऊन, हे अन्यायाचं आहे.

आणि एक गाव वर्गात जरूर सांग. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा बांबू स्वतः तोडते, स्वतः विकते. तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि वणवे लावले जातात, म्हणून हक्क हातात असूनही त्यांनी तेंदूचा धंदा बंद केला आणि जंगलाचा एक तुकडा कुणी हात लावायचा नाही असा राखून ठेवला. तिथून कुणाला उठवावं लागलं नाही. चंद्रपूरचे कितीतरी वाघ अशाच, लोकांच्या हाताशी असलेल्या जंगलात आहेत. त्यामुळे गावं हलवून प्रश्न संपेल असं कुणी म्हणालं तर त्याला नकाशा दाखव.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाघ नव्हता. आता येडशीच्या जंगलात आला, बार्शीकडेही दिसतो. आम्ही काय करायचं? (पशुपालक, धाराशिव जिल्हा)

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात आलेला हा वाघ टिपेश्वरहून चालत आला. तरुण नर, जागा आणि मादी शोधणारा. तुमच्याकडे मादी नाही. तो ढोरं मारेल, हे धरून चाला. रात्री जनावर उघड्यावर बांधू नका, गोठ्याला दार आणि वर जाळी करा. चरायला दोन तरी माणसं पाठवा. ढोर मारलं तर पहिल्या उत्तरात सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे, मात्र तुमच्याकडच्या कर्मचाऱ्यांना वाघाच्या पंचनाम्याची सवय नसेल, तेव्हा फोटो तुम्हीच नीट काढा. दिसला की गाड्या घेऊन मागं लागायचं नाही. भर दिवसा उसाच्या फडात कोंडलेला वाघ आणि भोवती पाचशे माणसं, यातून कुणीतरी मरतंच.

पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाघांसाठी काम करायचं तर वन्यजीव विषयातच पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागेल का? (विद्यार्थी, नागपूर)

घेतलंत तर उत्तम. नाही घेतलंत तरी जंगलालगतच्या तालुक्यात पोस्टिंग मागा, तिथं कुणी मागत नाही म्हणून लगेच मिळतं. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह गेले, आणि त्यांच्यात कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हे वाघात शिरायला गावातलं एक आजारी कुत्रं पुरतं, कारण ढोराच्या त्याच मढ्यावर रात्री वाघ खातो आणि सकाळी कुत्रं. म्हणून बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजची लस हवी. ढोरांना लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मेमध्येच संपवा. जूनमध्ये नाले भरले की तुमची शीतपेटी पलीकडच्या टोल्यांवर पोचत नाही. लाळ्या-खुरकूत गव्या-सांबरांतही जाऊ शकतं, त्यामुळे जंगलात चरणाऱ्या कळपाला पहिला नंबर द्या, दवाखान्याजवळच्या गोठ्यांना नंतर. ढोरक्याचा, म्हणजे गावची ढोरं चारणाऱ्याचा, मोबाइल नंबर आधी घ्या. कळप कुठं बसतो, कोणतं ढोर लंगडतं आणि काल कोणत्या नाल्यात वाघ दिसला, हे सगळं त्यालाच ठाऊक असतं.